मागच्या कप्प्याचं झाकण

होडी तेरा फुटांची. धायरीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये,
बारा नंबरच्या जागेत, जिथे आधी गाडी असायची.
सेक्रेटरी पोंक्षे यांचं पत्र आलंय:
'सदर वस्तू वाहन आहे किंवा कसे,
याचा लेखी खुलासा आठ दिवसांत करावा.'
करतो.
आधी झाकण.

पुढचा कप्पा जमला. मागचा गळतो.
पहिलं झाकण केलं डब्यासारखं, वरून गच्च बसणारं.
सकाळी बसायचं. दुपारी प्लायवूड फुगलं
की मी, पटाशी आणि शिव्या.
दुसऱ्याला कुकरची रिंग कापून चिकटवली.
चौकोनी कोपऱ्यावर रिंग वळत नाही, चिमटते,
आणि पाणी नेमकं चिमटीतून आत.
वरून पाइपाचा फवारा, आत कालचं वर्तमानपत्र.
उघडलं तर छोट्या जाहिराती ओल्या,
अग्रलेख कोरडा.

पस्तीस वर्षं भोसरीत पंपांची ड्रॉइंगं काढली.
पाणी कुठून कुठे जावं, हे मी ठरवायचो,
मिलिमीटरच्या दशांशात.
ते कुठे जाऊ नये, हे मात्र
कुणी कधी विचारलं नव्हतं.

बोहरी आळीत अब्बासभाई काचवाला
निओप्रीनची पट्टी उलगडत म्हणाले, कशासाठी?
म्हटलं, नावेसाठी.
त्यांनी बिलबुक ओढलं. कोणाच्या नावे?

तिसरं झाकण. कोपरे गोल, वाटी उपडी घालून आखलेले.
पट्टी अखंड, सांधा एकच, तोही तिरपा कापून.
रात्री आत टॉर्च ठेवला, झाकण लावलं,
पार्किंगचा दिवा घालवला
आणि कुत्र्यासारखा चारही बाजूंनी हुंगत फिरलो.
बिजागरीच्या अंगाला केसाएवढी उजेडाची रेघ.
बिजागरी ओढून धरते तिथे, आणि म्हणूनच
तिच्या बाजूला उचलतं.
काढून टाकली.
आता चार कड्या आणि हातभर दोरी,
सुटलं तरी वाहून जाऊ नये म्हणून.

तरी चमचाभर पाणी.
रोज फक्त चमचाभर. कुठून, कळेना.

शैलजा कॅरम सोडून खाली आली.
पर्वती जलकेंद्रात तिची नोकरी झाली,
निम्म्या शहराची गळती तिने वहीत उतरवलेली.
स्टुलावर बसून तिने चमचा बघितला.
'शून्य कशाला मागतोस? आम्हाला कधी मिळालं नाही.
गळलेलं जातं कुठे, ते सांग.'
'आत.'
'मग ती तुझी चूक. पाण्याची नाही.'

झोपच लागली नाही.
सकाळी सातला कडेभोवती पन्हळ आखली,
बोटभर रुंद, मागच्या बाजूला उतार, टोकाला भोक.
पन्हळीच्या आतल्या अंगाला उभी भिंत, भिंतीवर पट्टी.
झाकणाखाली जे शिरेल ते आधी पन्हळीत पडेल,
आल्या वाटेनं न जाता मागनं निघून जाईल,
जिना चुकलेल्या सेल्समनसारखं.
आणि झाकणाच्या पोटात सुईएवढं एक छिद्र,
कारण दुपारी बंद कप्प्यातली हवा फुगते
आणि चौथ्या मजल्यावर ऐकू येईल असा ठोका देते.
ते छिद्रही तिनंच सुचवलं.
ड्रॉइंगवर मी तसं लिहिलं नाही. आता लिहितो.

फेब्रुवारीत, धरणाच्या मागे, कुडजेजवळ
होडी मुद्दाम आडवी केली. शीड पाण्यावर पसरलं.
शैलजा काठावरून घड्याळ बघून ओरडत होती, चार, पाच, पुरे.
सरळ केली. पन्हळीतून करंगळीएवढी धार
बराच वेळ मागे पडत राहिली.

चारही कड्या सोडल्या.
कप्प्यातून पार्किंगची हवा बाहेर आली,
फिनेलची, स्कूटरच्या तेलाची, धायरीची,
त्या मोकळ्या पाण्यावर.
तळाशी चाचणीसाठी ठेवलेला कागद.
मी बोट फिरवलं. खडखडीत.
घड्या उलगडल्या.

सदर वस्तू वाहन आहे किंवा कसे.

शाई जराही फुटली नव्हती.
म्हणजे उत्तर द्यावं लागणार.